चादरीआडच्या वेली

दुपारी बागेत शिरलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. हिरवा उजेड, डोक्यावर द्राक्षांचे घड, आणि कडेवर सात महिन्यांची आमची ठमी. सासऱ्यांची नजर अधू झालेली, म्हणून पानं तपासायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

"नाहीतरी तुला जिथेतिथे खोट दिसते, सूनबाई. होऊ दे तिचा उपयोग!"

गेल्या वर्षी भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पडून अर्धी बाग गेली होती. यंदा तोडणीला वीस दिवस उरले होते.

"द्राक्षाला काय लागतं?" ते विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "दिवसा ऊन, रात्री गारवा, मुळाशी निचरा. आणि वारा! पानापानांतून खेळला पाहिजे."

मला नेमकी वाऱ्याचीच धास्ती. ठमीला सर्दी होईल म्हणून मी कोपऱ्यातल्या चार वेलींभोवती चादरी बांधल्या. आत आम्हा दोघींची खोलीच झाली. न्हाणं झालं की तिला तिथेच पावडर लावायची; ती हात आपटायची, पांढरा धूर उडायचा आणि उन्हात कितीतरी वेळ तरंगत राहायचा.

म्हणून पानांवर पांढरं दिसलं तेव्हा मी बोटाने पुसलं, नि हसले. एवढ्यातेवढ्याने घाबरणारी मी!

तिसऱ्या दिवशी ठमीने एक पान ओढून तोंडाशी नेलं. हिसकावून हुंगलं, तर बंद कपाटासारखा कुबट वास. पुसलेल्या पानांवरही पांढरं पुन्हा उगवलं होतं.

आधी सगळ्या ओळी पाहून आले. मग सासऱ्यांना सांगितलं. "बाबा, भुरी आलीय. माझ्यामुळे. मला... पावडर वाटली."

"पावडर?" ते खो खो हसले. "वेलीला अंगडं शिवायचं तेवढं राहिलं म्हणायचं!" मग पोतं घ्यायला उठले. "कुठवर गेलीय?"

"चादरींच्या आतच. बाहेर पान न पान स्वच्छ आहे."

"मग सोड आधी त्या."

मी गाठी सोडल्या. डागी पानं, डागी घड कापत गेले. ते पोतं धरून उभे. चार वेली उघड्याबोडक्या झाल्या. उरलेल्या बागेवर त्यांनी औषध मारलं.

आठ दिवस मी पानं उलटून बघत होते. आज एकही ठिपका नाही. तीनदा पाहिलं.

"चौथ्यांदा बघ," बाबा म्हणाले, "म्हणजे जेवण गोड लागेल तुला."

ओळींमधून वारा सळसळत आला. ठमीने तोंड उघडून तो गिळला आणि खिदळली. टोपडं माझ्या हातातच होतं. घालावं की नाही, काही केल्या ठरेना.