आक्काची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. सुतारकामाच्या कारखान्यात, मालकांच्या खोलीतल्या भिंतीवर मी टांगलेली असते. मला दात आहेत, त्यामुळे माझं बोलणं जरा बोचरं वाटेल. मनावर घेऊ नका.

तुम्ही पाहिलेल्या करवतींना एकच मूठ असते. मला दोन आहेत, दोन्ही टोकांना एकेक. लोहाराने मला तापवलं, ठोकून ठोकून सरळ केलं आणि कानस घेऊन माझा एकेक दात पाडला. मग मला न्यायला आलेल्या बहीणभावाला त्याने बजावलं, "ही दोघांची करवत आहे. आपली पाळी आली की ओढायचं. समोरच्याची आली की हात सैल सोडायचा. ढकलायचं मात्र नाही, नाहीतर पातं वाकलंच म्हणून समजा!"

त्यातला भाऊ म्हणजे आमचे आजचे मालक. तेव्हा ते नुकतंच काम शिकून बाहेर पडले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा धंदा काढायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नव्हती. मग त्यांची मोठी बहीण, आक्का, दिवसभर लोकांचे कपडे शिवून झाले की बाह्या वर सारून यायची आणि माझी दुसरी मूठ धरायची.

मालकांना घाई फार. ओढून झालं की ते तिकडून ढकलायलाही लागायचे. मी वेडीवाकडी व्हायची आणि लाकडात अडकून बसायची. आक्का वैतागायची. "अरे, ढकलतोस काय? माझं मला ओढू दे की! सगळं तूच करणार असशील, तर मी काय इथे भुसा गोळा करायला आलेय?"

हळूहळू मालक हात सैल सोडायला शिकले. मग मात्र काय काम चालायचं म्हणून सांगू! दोघं एक शब्द बोलायचे नाहीत, तरी मी झोकात चालायची. दमले की अंगणातल्या ओंडक्यावर शेजारी शेजारी बसायचे आणि एकमेकांच्या केसांतला भुसा झटकायचे. मित्रांनो, तेव्हा मी फार सुखात होते.

धंदा वाढला. शेड जाऊन कारखाना आला, विजेची करवत आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मला गंज चढला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढे मालकांचं नाव झालं. लोक त्यांना भाषणाला बोलावू लागले. ते चांगलंच बोलायचे. माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, दिलेला शब्द पाळावा, कुणाचं मिंधं होऊ नये. असं जगलेला माणूस असं बोलतो तेव्हा ऐकावंसं वाटतं. पण बोलता बोलता त्यात 'मी एकट्याने' हे शब्द कधी येऊन बसले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

एके दिवशी त्यांना माझी आठवण झाली. मला खाली काढलं, घासलं, तेल लावलं. मी हरखून गेले! पण खोलीतली खिडकी आणि कपाट यांच्यामधली भिंत मला पुरेना. मालक म्हणाले, "एका बाजूची मूठ काढा. आता कुठे कापायचंय तिने?" माझी मूठ काढली आणि मी भिंतीवर बरोबर बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला मालक मला दाखवून सांगायचे, "हिच्यावर सुरुवात केली मी. एकट्याने." ऐकणारे माना डोलवायचे. दोन माणसांची करवत एकट्याने ओढली म्हणे! मला हसावं की रडावं ते कळेना.

आणि एका दुपारी आक्का आली. गुडघे धरून, जिना चढून. जुनं घर बंद करून ती कायमची लेकीकडे राहायला निघाली होती. भावाचा निरोप घ्यायला आली होती. बोलता बोलता तिची नजर माझ्यावर गेली आणि तिथेच थबकली.

"माझी मूठ कुठे आहे रे?"

"अगं, भिंत अपुरी पडली," मालक हसत म्हणाले.

आक्का हसली नाही. "आणि भाषणात? तिथे कसली भिंत आडवी आली रे?"

तिने चहाही घेतला नाही, तशीच जिना उतरून गेली. मालक किती तरी वेळ तिच्या भरल्या कपाकडे बघत बसले. मग त्यांनी मला खाली काढलं, बाहेर नेलं, लाकूड कापायच्या घोडीवर एक वासा ठेवला आणि एकट्याने मला चालवायला लागले. हट्टच तो! मी थरथरले, वाकले, अडकले. त्यांचा घाम माझ्या पात्यावर टपटपत होता. शेवटी ते थांबले आणि कामगारांना म्हणाले, "हिची दुसरी मूठ शोधा रे." ती मागच्या दाराखाली सापडली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कुणीतरी खाली सरकवली होती. मालकांनी ती स्वतः पुसली, स्वतः बसवली आणि मला खांद्यावर टाकून भररस्त्याने आक्काकडे, त्या जुन्या घरी चालत निघाले.

आक्का सामान बांधत होती. मालकांनी अंगणातला तोच ओंडका आडवा केला आणि दुसरी मूठ तिच्यापुढे धरली. "आक्का, चुकलं माझं. धर."

"आता माझ्या हातात जोर कुठे राहिलाय?"

"मग मी थांबेन. तुझं ओढून होईपर्यंत थांबेन."

तिने ओढलं. हळू, फार हळू. मालकांनी हात सैल सोडला होता. त्यांचे डोळे वाहत होते, पण पुसायला त्यांनी मूठ सोडली नाही. ओंडक्याचे दोन तुकडे झाले. एक आक्का बसायला घेऊन गेली, दुसरा मालकांच्या खोलीत आला. आणि ते कपाट? ते जिन्याखाली गेलं.

मित्रांनो, स्वतःच्या पायावर जरूर उभे राहा. तुमच्या घरातल्या जुन्या अवजारांना तेल लावा, गंज चढू देऊ नका. आणि आपली गोष्ट सांगाल तेव्हा दुसऱ्या टोकाचा हात गाळू नका. लोक आजही मालकांना विचारतात, "हिच्यावर एकट्याने सुरुवात केलीत?" मालक माझ्या दुसऱ्या मुठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "नाही. ही आक्काची."