गाडी कुठं आली

साकोलीच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत अश्वजित वेबसाइट बनवायचा. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी परतला होता. खिडकीतून रोज दिसायचं: माणसं हायवेकडे माना वळवून उभी, आणि जो तो दुसऱ्याला विचारतोय, भंडाऱ्याची गाडी गेली का? त्यातूनच त्याला ‘गाडी कुठं आली’ ही साइट सुचली. ज्याला एसटी दिसेल त्यानं कळवायचं, की पुढच्या थांब्यावरच्यांच्या मोबाइलवर निरोप.

कोड त्याचा, पण माणसं जोडली अंकुशनं. अंकुश शाळेपासूनचा दोस्त, अनोळखी माणसाच्याही खांद्यावर हात टाकणारा. साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत थांब्याथांब्यावर उभं राहून त्यानं लोकांचे नंबर आणि रोजच्या गाड्या साइटवर नोंदवून घेतल्या होत्या. वर्षभरात साइट चांगलीच चालू लागली.

एका दुपारी रुपा जिना चढून वर आली. ती भंडाऱ्याला एका दवाखान्यात नर्स होती, रोज ये-जा करायची.

‘भाऊ, मले प्लॉटवाल्याचा फोन आला,’ ती म्हणाली. ‘तसे फोन तर साऱ्यायलेच येतात. पण हा म्हणे, ताई, तुम्ही सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याले जाता ना, रस्त्यातच आपला लेआउट आहे, उतरून पाहून घ्या. त्याले कसं मालूम?’

अश्वजितनं खुर्ची पुढे सरकवली, पण ती बसली नाही.

‘तुमच्या भरोशावर नंबर देला होता,’ एवढं बोलून ती उतरून गेली.

त्यानं साइट तपासली; बाहेरून कुणी शिरलेलं नव्हतं. बाहेरच्या चोराला आत येता येऊ नये म्हणून त्यानं रात्रंदिवस डोकं खपवलं होतं. पण प्रोग्रामला माणूस ओळखता येत नाही, पासवर्ड बरोबर असला की तो दार उघडून देतो. आणि पासवर्ड दोघांकडेच होता. दुसऱ्याला तर त्यानं न मागताच दिला होता.

अंकुश खालीच चहाच्या टपरीवर भेटला.

‘नंबर तू देले का बे?’

‘देले,’ अंकुश सहज म्हणाला. ‘त्या प्लॉटवाल्यानं मले ऑफिसात मॅनेजर घेतलं ना. तुले सांगणारच होतो.’

‘लोकायले न विचारता?’

‘नंबरच तर आहेत! कोणाची किडनी थोडीच काढून देली? तू येवढा काहून तापून राहिला?’

अश्वजितनं चहा तसाच ठेवला. वर येऊन त्यानं पासवर्ड बदलला, सगळे नंबर पुसून टाकले. गेलेले नंबर त्यामुळे परत येणार नव्हते, हे त्याला कळत होतं. पण पुसण्याआधी प्रत्येकाला त्यानं निरोप धाडला: ‘तुमचे नंबर आमच्याकडून बाहेर गेले. चूक आमची. माफ करा.’

संध्याकाळपर्यंत शिव्या येत राहिल्या. कुणी चोर म्हणालं, कुणी पोलिसात जायची धमकी दिली. रुपाचं काहीच आलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

मग अंकुशचा फोन आला. आवाज मोकळा, हसरा.

‘मले वाटलं, तू मायं नाव घेशील. नाही घेतलं! पक्का दोस्त आहेस यार तू.’

दुपारपासून कोरडे राहिलेले अश्वजितचे डोळे आता भरून आले. अंकुश पलीकडून हॅलो, हॅलो करत होता. अश्वजितनं फोन ठेवून दिला.