दोरीचं दुसरं टोक

"हात सैल सोड, कुंथिया. दोरी ताणतेयस तू!" मी ओरडलो.

"तू तुझं टोक सांभाळ, सारूनदादा. माझं मी बघते."

दोरीच्या एका टोकाला ती, दुसऱ्याला मी, आणि मधे पट्ट्यात अडकवलेले आमचे उंदीरमामा, मियास. आमच्या भाषेत मियास म्हणजे सोनं. अंगाने मांजराएवढा, वयाने म्हातारा, कानांना आणि शेपटीला उन्हाचं क्रीम फासलेलं. जमिनीत पुरलेल्या सुरुंगाचा वास आला की तो तिथेच माती खरवडायचा. मग कुंथिया हातातली टिकटिकी वाजवून त्याला केळ्याचा तुकडा द्यायची.

आताही त्याने बरोबर जागी माती खरवडली.

"बघितलंस? आणि म्हणे म्हातारा झाला!" केळं सोलता सोलता ती म्हणाली.

माझं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. मियास थांबण्याच्या जरासं आधी माझ्या टोकाला दोरी ताठ झाली होती, आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. सरावाच्या या पट्टीत निकामी सुरुंग पुरलेले असतात, आणि ते कुठे आहेत हे आम्हाला ठाऊक नसावं असा नियम आहे. पण कुंथिया इथे वर्षानुवर्षं चालतेय. गवताचा झुपका अन् झुपका तिच्या ओळखीचा. ठाऊक झालेलं कोणी विसरतं का?

पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही भाताची पेज घेऊन बसलो, तेव्हा न राहवून मी बोललोच.

"रागावू नकोस. त्याला वास येत नाहीये. तो तुझा हात ओळखतोय."

"काय शहाणा आहेस रे! माझ्या हाताला सुरुंगाचा वास येतो का?"

"जागा जवळ आली की तुझा हात आखडतो. दोरीतून मला कळतं ते. त्याला नाही कळणार?"

तिने वाटी आपटली आणि ती उठून गेली. मला तिचा राग कळत होता. नवरा कामासाठी सीमेपलीकडे थायलंडला गेला तो परत आला नाही. सकाळी उठून ज्याच्याकडे जावं असं तिला या उंदराशिवाय कोणी नव्हतं. मियास नापास झाला तर त्याची रवानगी म्हाताऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यात, आणि तिच्या दोरीला दुसरा उंदीर.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नव्हती. तिच्या बहिणीच्या गावचं शेत आम्ही नुकतंच तपासून संपवलं होतं, त्यातलं निम्मं मियासने. आता जमीन लोकांच्या हवाली करायची होती. आमची रीत अशी की त्या दिवशी आधी आम्ही शेतातून चालायचं आणि मागून सगळा गाव, बायका-पोरांसकट. लोकांनी लावणीसाठी कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, काड्या तोडून रचून ठेवल्या होत्या. सरावात कुंथियाला जागा ठाऊक होत्या. त्या शेतातल्या कोणाला ठाऊक होत्या?

दुसऱ्या दिवशी ती सुजल्या डोळ्यांनी आली आणि तडक आमच्या मुकादमासमोर, विबोलसमोर, जाऊन उभी राहिली.

"आम्हाला पलीकडच्या तुकडीच्या पट्टीवर न्या. तिथे कुठे काय पुरलंय ते मला माहीत नाही."

"अगं, जमीन द्यायची वेळ आली आणि आता कसली परीक्षा काढलीस?"

"आत्ताच घ्या. माझा धीर सुटायच्या आत."

मियास चालला. दोरी सैल होती. कुंथियाने हात असा सोडला होता की जणू तो तिचा नव्हेच. मियास पुरलेल्या एका जागेवरून पुढे गेला, दुसरीवरून गेला. विबोलला जागा ठाऊक होत्या; त्याने मान खाली घातली. पट्टीच्या मध्यावर मियास थांबला, पुढचा पंजा उचलून तसाच उभा राहिला. तो तिच्या हाताची वाट बघत होता. मला तिकडे बघवेना.

आमच्या उंदरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला मांडीवर घेऊन तपासलं. "नाकात वास धरणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या मरतात, नव्या येतात. म्हातारपणी पुरेशा येत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण कातडीला ताण कळतो, मिशांच्या मुळाशी जरासा धक्काही कळतो. ते अजून शाबूत आहे. नाकाचं काम त्याने अंगावर घेतलं."

"मी शिकवलं त्याला. केळं देऊन देऊन मीच शिकवलं," कुंथिया म्हणाली, आणि विबोलकडे वळली. "त्याने हुंगलेला सगळा भाग पुन्हा तपासा."

"गाव चिडेल."

"माझ्यावर चिडू दे."

गाव चिडलाच. शेताच्या कडेला पुन्हा लाल खुंट्या ठोकल्या तेव्हा तिची बहीण सगळ्यांदेखत कडाडली, "तुझ्या उंदराच्या लाडापायी आमच्या काड्या वाळून चालल्या!" कुंथिया खुंट्या ठोकत राहिली. तिला ते लागलं होतं, मला दिसत होतं.

दुसऱ्या तुकडीचा तरणा उंदीर मियासच्या भागातून चालला. एका वारुळापाशी येऊन त्याने माती खरवडली. हलक्या हाताने उकरलं तर खाली सुरुंग होता, जिवंत. दुपारी तो जागच्या जागी उडवला तेव्हा गावातल्या घरांचे पत्रे थरथरले. बहिणीने धाकट्या पोरीला कडेवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

जमीन दिली त्या दिवशी कुंथिया सगळ्यांच्या पुढे चालली, तिच्या मागे मी. वारुळापाशी तिचं पाऊल जरा अडखळलं. निघताना बहिणीने तिच्या हातात केळ्यांचा अख्खा फणा ठेवला.

हल्ली काम संपलं की कुंथिया म्हाताऱ्यांच्या पिंजऱ्याशी जाते. परवा मीही मागोमाग गेलो. मियास तिच्या मांडीवर बसला होता, पुढचे पंजे तिच्या पसरलेल्या तळहातावर टेकून.

"घरी जायचं ना? घर तुझी वाट बघत असेल," मी सहज म्हणालो.

रिकाम्या घराचं नाव निघताच तिचा हात आखडला. मियास थबकला, आणि पुढच्या पंजांनी तिचा तळवा खरवडू लागला.

टिकटिकी आता नव्या उंदराच्या पेटीत असते. तिने जिभेनेच टिकटिक केलं आणि त्याला केळ्याचा तुकडा दिला.