रबरासारखा गोळा

धाकट्या जावेच्या बेकरीत रॅकवर कालचे पाव तसेच पडून होते. तिच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत नळाखाली कोणाचे तरी हात कणीक धूत होते. ‘काळजीपोटी पाठवतेय,’ असं थोरल्या जाऊबाईंनी नातलगांच्या ग्रुपवर लिहिलं होतं.

त्या व्हिडिओत धुतलेल्या कणकेचा रबरासारखा गोळा उरतो आणि आवाज म्हणतो, हे पिठातलं प्लास्टिक! खाली कोणीतरी याच बेकरीचं नाव जोडलं होतं आणि तो गावभर फिरला होता. गिऱ्हाईक फिरकेना. असंच चाललं तर भट्टी कायमची विझणार होती.

तिने जाऊबाईंनाच दुकानात बोलावलं. “येताना घरचं पीठ आणा.”

“माझं पीठ मी स्वतः गहू निवडून दळलेलं असतं हो!”

“म्हणूनच आणा.”

दुकानाच्या दारात, चारचौघांसमोर, जाऊबाईंनी आपली कणीक मळून बादलीत धुतली. मुठीत तसाच चिवट गोळा उरला.

“अगंबाई, माझ्याही डब्यात प्लास्टिक?”

हशा पिकला.

“गव्हाचाच चिकटपणा आहे तो, जाऊबाई. तो नसता तर पाव फुगलाच नसता.”

जाऊबाई पदर खोचत म्हणाल्या, “काढ व्हिडिओ. मीच पाठवते. माझं सगळे ऐकतात, बघितलंस ना!”

संध्याकाळी भट्टी दुसऱ्यांदा भरावी लागली.

मागून कळलं, प्लास्टिकचा तो पहिला व्हिडिओ काढला गेला, तेव्हा ही बेकरी सुरूही झाली नव्हती.