टाकीचं पोट बिघडलं

वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगणात गॅसची टाकी बसली ती धाकटीच्या हट्टापायी. धाकटी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना पर्यावरण शिकवायची आणि तिची थोरली जाऊ आश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळायची. दोघी एकाच घरात, त्यामुळे एकीचं काम दुसरीच्या कानावर पडायचंच. आश्रमात उरलेलं अन्न कचऱ्याच्या गाडीतून डेपोवर जातं, तिथे ढिगाखाली हवेवाचून कुजतं, त्यातून मिथेन निघतो आणि हवा तापवतो, हे धाकटीने जेवायला बसल्यावर इतक्यांदा सांगितलं, की एकदा तिचे थोरले दीर ताट उचलून निमूटपणे दुसऱ्या खोलीत जाऊन जेवले.

तोच मिथेन टाकीत कोंडून शेगडीला जोडता येतो, हे मात्र आश्रमाच्या व्यवस्थापकाला पटलं. टाकी आली. थोरलीने तिचं नाव सवत ठेवलं. आधीच हाताखाली माणसं कमी, त्यात हिचं खाणंपिणं कोण बघणार, असं तिचं म्हणणं. धाकटीने नियम घालून दिला: रोज दोन बादल्या उरलंसुरलं, बारीक करून, तेवढंच पाणी घालून. त्याहून जास्त नाही.

सुरुवातीला शेणाचा काला भरून टाकी नुसतीच ठेवली होती. मग एका सकाळी शेगडीवर निळी ज्योत पेटली. आश्रमातले काही जण बघायला आले. त्यातले एक आजोबा कोळशाच्या इंजिनावर काम केलेले. जमिनीत कोट्यवधी वर्षं मुरलेला कोळसा आपण फावड्याने ओढून जाळला आणि इथे कालचा भात जळतोय, असं म्हणत ते बराच वेळ शेगडीजवळ उभे राहिले. त्या दिवसापासून टाकीचं झाकण थोरली स्वतःच उघडू लागली.

पुढे आश्रमाचा वर्धापनदिन आला. धाकटी मुलांना घेऊन आठवडाभरासाठी धरण बघायला गेली होती. शंभर पाहुण्यांचा स्वयंपाक झाला आणि बसगाड्या अचानक बंद पडल्याने निम्मे आलेच नाहीत. भात, बटाटे, खीर, सगळं पातेलीच्या पातेली उरलं. पोटभर वाढून, शेजारी वाटूनही खूप राहिलं. एरवी थोरलीने ते गाडीत दिलं असतं. आता तिच्या डोळ्यांसमोर डेपोचा ढीग आला. तिने भांडी घासणाऱ्या बाईला हाताशी घेतलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं टाकीत रिचवलं.

दुसऱ्या दिवशी गॅस भरपूर आला. थोरली खूश झाली. नंतर मात्र ज्योत बर्नरवरून उचलली जायची आणि विझायची. चार दिवसांत ती पेटेनाशी झाली. टाकीच्या तोंडाशी आंबट, नाक मुरडायला लावणारा वास येऊ लागला.

धाकटी परत आली. तिने टाकीतल्या पाण्यात लिटमस कागदाची पट्टी बुडवली, ती लाल झाली. आम्ल झालंय, एवढंच ती म्हणाली आणि मग न राहवून म्हणाली, "ताई, मी दोन बादल्या सांगितल्या होत्या."

"वाया घालवायचं नाही, हेही तूच सांगितलंस," थोरली म्हणाली. "आणि दोनच का, ते कधी सांगितलंस? मला नुसते हुकूम सोडून गेलीस."

धाकटीला ते लागलं, कारण खरं होतं. वर्गात ती फळाभर आकृत्या काढायची. घरात मात्र तिने बादल्या मोजून दिल्या होत्या. दोन दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी थोरली बटाटे सोलत असताना धाकटी तिच्याजवळ येऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. टाकीत दोन जातींचे जंतू असतात. पहिले अन्न फोडून त्याचं आम्ल करतात, ते झपाट्याने काम करतात. दुसरे ते आम्ल खाऊन गॅस करतात, ते संथ असतात. एकदम खूप घातलं की आम्ल साठतं आणि संथवाले त्यातच मरतात.

थोरलीने सोलणं थांबवलं. "म्हणजे चिरणाऱ्या चार आणि शिजवणारी एक. चिरलेल्याचा ढीग माझ्या अंगावर."

"अगदी तसंच," धाकटी म्हणाली.

उपाय सोपा पण सावकाश होता. खाणं बंद, थोडी चुन्याची निवळी आणि ताजं शेण, म्हणजे संथवाले पुन्हा वाढतील. शेण आणायचं धाकटीने अंगावर घेतलं. रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी ती गोठ्यावरून बादली आणायची. एकदा ती स्कूटरवर सांडली आणि पहिल्या बाकावरची मुलं त्या दिवशी मागे सरकून बसली.

शेगड्या पुन्हा सिलिंडरवर चालू लागल्या, तसा व्यवस्थापक कंटाळला. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर ही काढून टाकू, असं तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. थोरली पीठ मळत होती.

"आजारी आहे म्हणून बाहेर काढायचं?" ती म्हणाली. "ते तुम्ही इथे उभं राहून म्हणताय?"

पलीकडे जेवणाच्या खोलीत म्हातारी माणसं बसली होती. व्यवस्थापक आल्या पावली परत गेला. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

महिन्याच्या शेवटी पट्टी लाल व्हायची थांबली. गॅस आला, आधी कमजोर, मग नीट. थोरली अगदी बेताने, वाटीवाटीने खाणं वाढवू लागली आणि त्या निमित्ताने परत येणाऱ्या ताटांकडेही बघू लागली. कुणाला चावत नव्हतं म्हणून बटाटे परत येत होते. कुणाला एवढा भात नकोच होता, पण नको म्हणायला लाज वाटत होती. तिने पहिल्यांदा थोडं वाढायचं आणि मग पुन्हा विचारायचं, असं सुरू केलं. दोन बादल्यांची एक झाली, मग तीही भरेना.

गॅस कमी पडतोय हे धाकटीच्या लक्षात आलं. तिला मुलांना टाकी दाखवायला आणायचं होतं, आणि आकडे तर घसरत होते. तिने काळजीने विचारलं.

"मग टाकीसाठी जास्तीचं शिजवू का?" थोरली म्हणाली.

धाकटी इतकी हसली, की तिला स्टुलावर बसावं लागलं. मुलांना तिने तसंच सांगितलं: गॅस घटला, कारण वाया जाणं घटलं, आणि यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.

पण सवतीला उपाशी ठेवणं थोरलीला बरं वाटेना. तिने गल्लीतल्या घरांना भाज्यांची सालं आणायला सांगितली. आता सकाळी लोक डबे घेऊन मागच्या फाटकाशी येतात. ती प्रत्येक डबा हाताने चाळते, आणि त्यात प्लास्टिकचा तुकडा सापडला की अख्खा डबा परत देते. कुणी कुरकुरलं, तर दोन बादल्यांचं कारण पहिल्यापासून समजावून सांगते.