रेणुकाच्या खारोड्या, गुणाबाईचं पान

ऐका गं समद्याजणी! ह्यातला एकेक शब्द खरा हाय. खोटं बोलले आसंन तर ह्या हातानं पुन्हा खारोडी पडू नये!

माझी नात तनुजा लातूरला शिकती, दर शनवारी मुखेडला माझ्यापाशी येती. तिनं नेटवर एक पान काढलं. बाजरी कशी भरडायची, तीळ-लसूण घालून कशी शिजवायची, उन्हात खारोड्या कशा टाकायच्या, मी सांगितलेलं समदं लिवलं. खाली नाव टाकलं, गुणाबाई, मुखेड. पर कोणी खारोड्या शोधल्या की वर दिसायची सोडा घालणारी एक बाई. आमी इतके खाली, की तिथवर कोणाचं बोटच येत नव्हतं.

"आज्जे, पाडव्यापस्तोर पान वर न्हाई आलं तर बंद करते अन् पुण्याला नोकरी धरते," तनुजा फोनवर बोलली.

पुण्याला! मग माझ्या थापा कोण ऐकंल?

दुपारी गच्चीवर खारोड्या राखत पडले, मोबाईल उरावर. मोबाईल ऊन ऊन झाला, वाढत वाढत दारायेवढा झाला, अन् मी आत. आत बाजार भरलेला, पर खाली जमीन न्हाई. दुकानं ढगावानी तरंगून राहिली, माणसं पिसावानी. दारात पांढरा रुमाल बांधलेला म्हातारा, जो जे शोधंल त्याला त्याची वाट दावून राहिला.

"बाबा, गुणाबाईच्या खारोड्या मागं का टाकल्या?"

"कोण गुणाबाई? तिचं नाव कोणी घेत न्हाई. बिलोलीच्या बाया फेसबुकवर फोटू टाकून राहिल्या, त्या म्हणतेत रेणुकाच्या खारोड्या."

"अवो, रेणुका मीच की! बिलोली माझं माहेर. लग्नात मालकानं ताटातल्या तांदळात अंगठीनं गुणाबाई लिवलं, तवापासून गुणाबाई."

"ते तांदूळ मला कुठं दिसले? माझ्या लेखी तुमी दोन बाया."

"बरं, त्या फोटूंवर एवढे अंगठे पडले, ते?"

"अंगठे मी मोजत न्हाई, माय. पर अंगठे बघून माणसं वळतेत. त्यातलं कोणी आपल्या पानावर तुझ्या पानाची वाट लिवली, तर ती मी बघतो. आधी तू कोण, ते नीट सांग."

डोळा उघडला तर कावळा खारोडी घेऊन पळाला. मी लगेच तनुजाला फोन लावला.

"सपनात कोण आलं म्हणलीस?" ती खो खो हसली. मग इचारलं, "आज्जे... तुझं नाव रेणुका व्हतं?"

येवढी मोठी झाली पोरगी, तिला ठावंच नव्हतं!

तिनं लिवलं, 'गुणाबाई, माहेरची रेणुका, बिलोली.' माझा पिठात हात घातलेला फोटू लावला. मी माहेरी फोन लावला, तशी बिलोलीच्या बायांनी आपापल्या फोटूखाली पानाचा पत्ता टाकला. ते बघून हदगावच्या एका मास्तरणीनं आपल्या पानावर आमची वाट लिवली. तिचं बघून अजून दोघीतिघींनी. अन् पाडव्याला आमचं पान सगळ्यात वर! तनुजा पुणं विसरली. शनवारी येती, खारोड्या खाती, अन् मी थापा मारते.

हाव गं, हसू नका. सगळ्यात वर न्हाई, तिसरं हाय. वर अजून ती सोडावालीच बसली. तेवढं मी पदरचं घातलं. म्हातारा मात्र खरा हाय.