जीपमधले आबा

अमृतच्या दारात एवढी माणसं त्याच्या लग्नालाही जमली नव्हती. सुप्याजवळच्या माळावरची थंडी अंगाला झोंबत होती, तरी बायाबापड्या कानाला पदर गुंडाळून रांगेत उभ्या होत्या. दर्शन देवाचं नव्हतं, दारातल्या जुन्या जीपचं होतं. त्या जीपमध्ये अमृतचे वारलेले वडील, म्हणजे आबा, बसलेले आहेत, असा निकाल गोपाळ भगतानं दिला होता. भगताच्या निकालावर अपील नसतं.

"हीटर चालू हाय. वारा कसा येतोय?" पुढच्या सीटवर मांडी ठोकून बसलेला भगत ओरडला.

"गार!" रांगेतून उत्तर आलं.

"ह्यो वारा न्हाई, आबांचा श्वास हाय! काच बगा, कशी धुरकटली. आन् खाली ठिबकतंय ते आबांच्या डोळ्यातलं पानी. तुमचं-आमचं पानी पांढरं, आबांचं हिरवं! वास बगा कसा गोडसर! आता आबा मानूस ऱ्हायले का?"

"न्हाई, न्हाई!"

डॅशबोर्डखालच्या पितळी वाटीत थेंब पडत होते. त्या थेंबांचा टिळा लावून माणसं ताटात दक्षिणा टाकत होती. अमृत बोनेटपाशी हात जोडून उभा होता. त्याला कुणाच्याही डोळ्याला डोळा देववत नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे आबांच्या छातीत कळ आली होती. अमृतनं त्यांना जीपमध्ये घालून नगरचा रस्ता धरला. वाटेत आबा म्हणाले, "अमृत्या, हीटर लाव की रे. लई गारठलोय." त्यानं हीटर लावला आणि गार वारा आला. हीटर तापत नाही, रेडिएटरचं पाणी सारखं कमी होतं, हे त्याला दिवाळीपासून ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात गॅरेजला टाकू, म्हणत त्यानं चालढकल केली होती. आबा नगरच्या अलीकडेच गेले.

दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेना. भावकी म्हणाली, "आबांचं कायतरी ऱ्हायलंय." काय राहिलंय ते एकट्या अमृतला माहीत होतं, आणि त्यानं तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली. त्याच दिवशी त्याच्या आईला, छबूबाईला, जीपमधली पायाखालची मॅट ओली लागली. "ह्ये रडत्यात वो!" म्हणून तिनं हंबरडा फोडला. तो ऐकून भगत धावत आला. उकिरडा दिसला की कोंबडीला बोलवावं लागत नाही.

येताना त्यानं लेबल खरवडलेला एक कॅन आणला होता. "रोज सकाळी इंजिनाला ह्याचा अभिषेक कर," तो म्हणाला. अमृत रोज ते हिरवं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचा. वरून ओततो तेच खाली ठिबकतंय, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. पण गळती ही नुसतीच गळती असेल, तर बापाचा शेवटचा शब्द आपल्या आळसानं वाया गेला, एवढंच उरत होतं. आबा जीपमध्ये असतील, तर त्यांची माफी तरी मागता येत होती. म्हणून तो ओतत राहिला. दारातला वाघ्या कुत्रा ते सांडलेलं पाणी चाटून झोकांड्या खात मेला, तेव्हा भगत म्हणाला, "आबांनी सोबतीला न्हेला." अमृतनं तेही गिळलं.

आज त्याच्या धाकट्या लेकीच्या, ज्ञानेश्वरीच्या, अंगात ताप होता. भगतानं प्रथमच वाटीतलं तीर्थ पोटात द्यायला सांगितलं. छबूबाईनं नातीला मांडीवर घेऊन चमचा भरला.

"थांबा आजी!" गर्दीतून स्नेहल मॅडम पुढे आल्या. त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि रोज सुप्याहून अमृतच्या भाड्याच्या याच जीपनं येत. त्यांनी चमचा हातातून काढून घेतला. "बुवा, पहिला घोट तुमचा."

"आज माझा उपास हाय."

"तीर्थानं उपास मोडतो?"

भगत गडबडला. "आमाला... आमाला आज्ञा न्हाई."

"आज्ञा नाही, की हे विष आहे ते माहीत आहे? हे कूलंट आहे, इंजिन गार ठेवायचं विषारी रसायन. वाघ्या यानंच मेला."

अमृत बोनेटपासून पुढे आला. वाघ्या मेला तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि तरी तो लेकीजवळचा चमचा बघत उभा राहिला होता. "कॅन मीच ओततो, मॅडम," तो म्हणाला. "मला समजत हुतं."

मॅडमनी इंजिन बंद करायला लावलं, निवू दिलं. मग अमृतनंच रेडिएटरखालची तोटी सोडून हिरवं पाणी बादलीत काढलं आणि रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलं. त्यात मॅडमनी दर्शनाचा प्रसाद करणाऱ्या आचाऱ्याकडचा जिलेबीचा लाल रंग टाकला. पुन्हा इंजिन चालू केलं. वाटीत थेंब पडू लागले, ते लालसर.

"आबांनी रंग बदलला का?" मॅडमनी विचारलं. "इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या जाळीतून फिरतं. पंखा त्या जाळीवरून वारा फेकतो, म्हणून हीटर ऊब देतो. ही जाळी फुटलीय. पाणी खाली गळतं, त्याची वाफ काचेवर बसते. पाणी कमी पडलं की जाळीत हवा भरते, मग वारा गारच येणार."

लोकांनी मागं वळून पाहिलं तेव्हा सीट रिकामी होती. भगत ताट घेऊन पळाला होता, कॅन तेवढा विसरला. ज्ञानेश्वरीला त्याच जीपमधून दवाखान्यात नेलं.

तिचं औषध घेऊन परतताना अमृतनं विचारलं, "आबा थंडीनं गेले का, मॅडम?"

"डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलाय ना? थंडीनंच गेले असं कुणी म्हणू शकत नाही. पण त्यांनी ऊब मागितली होती आणि ती मिळाली नाही, हेही खरंच. ते मी तुम्हाला पुसून देऊ शकत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं जीप गॅरेजला टाकली. नवी जाळी बसायला दुपारसुद्धा झाली नाही. तेवढंच काम त्यानं दिवाळीपासून लांबवलं होतं. घरी येऊन त्यानं आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि हीटर लावला. छबूबाईच्या पायांवर ऊबदार वारा आला. ती दचकली. "ह्ये आले का रं?"

"न्हाई आई. इंजिनाचं गरम पानी हाय." त्याला रडू फुटलं. "आबांनी मागितलं तवाच करायला पायजे हुतं."

गर्दीतल्या कुणीही वाकून त्या डॅशबोर्डखाली पाहिलं असतं, तर वाघ्या जगला असता. डोळे सगळ्यांना होते. ते मिटून हात जोडणं सोपं होतं. राहिलेलं काम अभिषेकानं होत नाही, ते करावंच लागतं. ज्यानं केलं नाही, त्यानं त्याची टोचणी सोसावी, पण ती भगताच्या ताटात टाकू नये.

छबूबाईनं पदरानं डोळे पुसले, पाय थोडे पुढे सरकवले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे जरा चालू."